जमिनीची फाईल आणि लेकरांची फी

(अर्धापूर येथे झालेल्या आपल्या संघटनेच्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. गावागावातून मागणी आली म्हणून मजकूर पत्रकात देत आहोत. बोललेलं होतं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

हदगाव, हिमायतनगर, भोकर, किनवटाकडून आलेल्या सगळ्या काकांना, मावश्यांना आणि दादा-वहिनींना माझा जोहार. अर्धापूरच्या केळीच्या बागांत घड वाहायला येणाऱ्या आपल्या माणसांनी आज एक दिवसाची रोजी सोडली आणि इथं येऊन बसले, त्यांचा मान आधी. मला भाषणाची सवय नाही. मी बारावी शिकले. जमिनीच्या केसमध्ये तहसीलला फाईल धरून उभं राहायचं माझं काम. पण आज मला जमिनीवर बोलायचं नाही, शिष्यवृत्तीवर बोलायचं आहे असं ताईंनी सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण मला तर दोन्ही एकच दिसतात. ते कसं, ते सांगते.

माझा मोठा भाऊ दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला. डिप्लोमाला नंबर लागला. कॉलेजचं नाव मी घेत नाही. तिथं सांगितलं, जातीचा दाखला आहे पण वैधता नाही, म्हणजे तू राखीव जागेवर बसत नाहीस, सगळी फी भर. आमच्या बापाला काय कळणार? त्यांनी गावातल्या एकाकडून 40 हजार घेतले. शेकडा तीन. म्हणजे महिन्याला 1200 नुसतं व्याज. वर्षाचे झाले 14,400. तीन वर्षांत व्याजच 43,200, मुद्दलापेक्षा जास्त, आणि मुद्दल तसंच उभं. त्याच्या बदल्यात दोन एकर त्यानं वाहायला घेतली, शंभराच्या स्टॅम्पवर बापाचा अंगठा घेतला. भाऊ शिकला. आज चाकणला कंत्राटावर कामाला आहे, बारा तास उभं राहतो. आणि ती दोन एकर अजून त्या माणसाच्या नांगराखाली आहे. शिक्षण मिळालं, जमीन गेली. मला शिकवायची वेळ आली तेव्हा घरात विकायला काही उरलंच नव्हतं. म्हणून मी बारावीच.

हे एकट्या आमच्या घरचं असतं तर मी सांगितलं नसतं. आपण गेल्या दोन वर्षांत गावांतून फिरून गेलेल्या जमिनींची यादी केली. दारू, लग्न, दवाखाना ही कारणं सगळे सांगतात. पण हळूच विचारलं की चौथं कारण निघतं, पोराची फी. आणि ज्या फीसाठी जमीन गेली ती फी सरकारनं भरायची होती. हा सगळ्यात मोठा घाव आहे. दवाखान्याला पैसे लागले तर लागले, दुसरा उपाय नव्हता म्हणता येईल. इथं उपाय होता, आपल्याला ठाऊक नव्हता, ज्यांना ठाऊक होता त्यांनी सांगितला नाही.

आता उपाय काय तो ऐका.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कॉलेजात पोरं तिला जीओआय म्हणतात. दहावीनंतर जे काही शिक्षण, अकरावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा, बी.ए., नर्सिंग, इंजिनिअरिंग, पीएच.डी.पर्यंत, सगळ्याला आहे. ही काही कालची योजना नाही. 1944 साली इंग्रजांच्या काळात दलित विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली, त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता. 1948-49 पासून आदिवासींनाही लागू झाली. म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याच सुमाराची. इतकी वर्षं झाली आणि आमच्या बापापर्यंत ती पोचलीच नाही.

आई-बापाचं मिळून वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क सरकार देतं आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न अडीच लाखांच्यावर गेलं, कोणाचा बाप मास्तर आहे, कोणी एसटीत कंडक्टर आहे, तर भत्ता नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे, तिला फ्रीशिप म्हणतात. तेव्हा नोकरीवाल्यांनीही आम्हाला काय मिळणार म्हणून बसू नये.

भत्त्याचं मात्र मी खरं सांगते, फार आशा धरू नका. 2010 साली ठरलेला दर आहे. घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या पोराला महिना 300 रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला 570. अकरावी-बारावीला 230 आणि 380. 300 म्हणजे दिवसाला दहा रुपये. दहा रुपयांत हॉटेलात चहासुद्धा धड येत नाही. त्याविरुद्ध निवेदन द्यायचं ते देऊ, पण भत्ता कमी आहे म्हणून फॉर्मच भरायचा नाही असं जे काही पोरं करतात ते चुकीचं आहे. त्यात खरी किंमत फीची आहे. फी माफ झाली की जमीन वाचते.

दुसरी योजना राहण्या-खाण्याची. आधी आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहाला अर्ज करायचा. तिथं जागा भरल्या, नंबर लागला नाही, तर स्वयम योजना आहे, पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम योजना. बारावीनंतर शिकणाऱ्या पोरांना, जी स्वतःच्या गावापासून दूर शहरात खोली करून राहतात. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार, त्याखालच्या शहरांत 51 हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार, तालुक्याच्या ठिकाणी 38 हजार. जेवण, खोली, वरचा खर्च सगळं त्यात. एकदम मिळत नाही, हप्त्यानं खात्यावर येतं, आणि हप्ता वेळेवर येतोच असं नाही. खोलीवाला भाडं मागतो, मेसवाला डबा बंद करतो, आणि हप्ता येतो परीक्षा झाल्यावर. वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं सरकारनं 2018 साली ठरवलं, तेव्हा आपली पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती ती याच भीतीनं. पैसे खात्यावर येईपर्यंत खायचं काय? तो प्रश्न अजून तिथंच आहे. तरी पण स्वयमचा अर्ज भरा. 43 हजार म्हणजे आमच्या बापानं घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त रक्कम आहे.

आता कागद. इथं आपली गाडी अडते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज द्यायचा. पोच पावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. लोकसेवा हक्क कायदा 2015 सालचा आहे, त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुदत गेली की अपील करता येतं, पण पावती नसली तर अपील कशावर करणार? दुसरं, शपथपत्राला शंभर-पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणून सांगतात. जात, उत्पन्न, रहिवासी या दाखल्यांच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प वेंडरच्या टपरीवर आपली माणसं रांग लावतात ते बघून मला राग येतो. लेकराच्या दाखल्यासाठी एका बाईनं स्टॅम्प घेतला, टायपिंगचे दिले, एजंटाला दिले, आणि गावाकडं जायला गाडीभाडं उरलं नाही म्हणून रस्त्यानं चालत गेली. आपल्या डोळ्यासमोरची गोष्ट आहे.

आणि उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढा असं म्हणणार नाही मी. एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये अख्खा तालुका तिथं असतो, सर्व्हर बंद पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर दिवाळीआधी लेकरांच्या कागदाचं बघूनच गाडीत बसावं. गेल्या वर्षी एका पोरीचा फॉर्म कशानं राहिला? आधारला जो मोबाईल नंबर जोडला होता तो बापाचा. बाप फोन घेऊन उसाच्या फडावर. कोड येतो बापाच्या फोनवर, बाप फडात, फोनची बॅटरी उतरलेली. पोरगी कॅफेत दोन दिवस बसून राहिली. मुदत संपली. म्हणून आधारला नंबर जोडायचा तो शिकणाऱ्या पोराचा स्वतःचा. कॅफेवाल्याचा तर अजिबात नको. काही कॅफेवाले सगळ्या गावच्या पोरांच्या फॉर्मला स्वतःचाच नंबर टाकतात, पुढं पासवर्ड विसरला की त्याच्याच दारात पैसे घेऊन जावं लागतं.

फॉर्म 2018 पासून महाडीबीटीवर भरायचा असतो. आपलं पत्रक अजून सायक्लोस्टाईलवर निघतं आणि फॉर्म मात्र ऑनलाईन, असा आपला काळ. असो. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. फॉर्म भरला म्हणजे शिष्यवृत्ती झाली असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडं जातो, मग प्राचार्यांच्या नावानं पुढं, मग प्रकल्प कार्यालयाकडं. आपल्या जिल्ह्याचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय किनवटला. इथून किनवटला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस आणि एक रोजी. कॉलेजच्या क्लार्कनं बघितलाच नाही तर फॉर्म तिथंच पडून राहतो, आणि पोराला वाटतं सरकार देत नाही. नाहीतर काही चूक दाखवून परत येतो, पोरगं उघडून बघतच नाही. दर आठ दिवसांनी उघडून बघायचं. आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येईल असं समजून किती पोरं बसली आहेत!

बँकेचंही सांगते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडलं असं नाही, बँकेला विचारायचं की सरकारी पैसे येण्यासाठी आधार या खात्याला लागलं आहे का. दोन बँकांत खाती असली तर पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊन पडतात आणि पोरगं पहिल्या पासबुकात शोधत बसतं. आणि जे केवायसी न केलेलं छोटं खातं असतं त्यात 50 हजारांच्यावर शिल्लक चालत नाही. स्वयमचे पैसे यायचे असतील तर आधी पूर्ण केवायसी करून घ्या. आधारवर, मार्कमेमोवर आणि पासबुकावर नाव एकसारखं पाहिजे. आमच्याकडं एकीच्या आधारवर बापाचं नाव पांडू आणि मार्कमेमोवर पांडुरंग. बाप एकच, पण कंप्युटरला ते दोन दिसले.

आता जात वैधता. यावर थोडा वेळ द्या, कारण इथंच माझं म्हणणं आहे की जमिनीची फाईल आणि लेकरांची फी एकच.

साध्या बी.ए., बी.कॉम.च्या शिष्यवृत्तीला जातीचा दाखला चालून जातो. उपविभागीय अधिकाऱ्याकडून निघतो तो. पण डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, कृषी अशा व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर बसायचं तर तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. तो कायदा 2000 सालचा, अंमल 2001 पासून. खोटे आदिवासी आपल्या जागा खातात म्हणून तपासणी झालीच पाहिजे, ही मागणी आपल्याच लोकांची होती आणि मी आजही म्हणते की बरोबर होती. पण चाळणीत खडे अडकायचे तर आपलेच दाणे अडकून बसले. ज्याच्याकडं पैसा, वकील, त्याचा कागद तयार होतो. खऱ्या आदिवासीच्या घरात पत्र्याच्या पेटीत एक रेशनकार्ड आणि एक निळं मतदान कार्ड, दुसरं काय असतं?

समितीला दाखवायचं असतं की 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून आपले पूर्वज इथले आणि त्या जमातीचे. ती तारीख राष्ट्रपतींच्या आदेशाची, अनुसूचित जमातींची यादी त्या दिवशी निघाली. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. हैदराबादच्या यादीत आंध होते, गोंड होते, कोलाम, परधान, भिल्ल, कोया, थोटी होते. म्हणजे आंध ही जमात नंतर कोणी घुसवली असं जे काही लोक पारावर बसून बोलतात, त्यांना ही यादी दाखवा.

आमच्या घरात 1950 आधीचा कागद कुठून येणार, असं बापानं हात वर केले. भावाच्या वेळेला त्यांनी शोधलाच नाही. पण पुढं संघटनेकडून दोन एकरची केस करायची ठरली, तेव्हा ताईंनी सांगितलं, जुन्या नकला काढ. मी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज केला. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळेला खासरा पत्रकाची नक्कल हातात आली. आमच्या पणज्याचं नाव, आमचं गाव, आमचा सर्व्हे नंबर. मी तो कागद घेऊन तहसीलच्या पायरीवर बसले. आजवर आमच्या घरात कोणी पणज्याचं नाव लिहिलेलं बघितलं नव्हतं, फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं.

मग डोकं चाललं. जमिनीच्या कागदात नाव आणि गाव आहे, जात कुठं मिळेल? तर शाळेत. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण आजोबांचा चुलतभाऊ दोन वर्षं गेला होता. शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत जुनं दाखल-खारीज रजिस्टर होतं. मुख्याध्यापक आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, आहे पण उर्दूत आहे, आम्हाला वाचता येत नाही. गावातले एक म्हातारे मौलवी आले, चष्मा पुसला आणि एकेक नाव वाचत गेले. एका ओळीवर थांबले. म्हणाले, बेटी, ये रहा, कौम आंध. त्यांनी एक पैसा घेतला नाही. पुढं रीतसर भाषांतर आणि सहीशिक्क्याची नक्कल करून घ्यावी लागली, ते वेगळं.

आता बघा. पणज्यापासून आजोबा, चुलत आजोबा, बाप, मी, ही वंशावळ जोडायला मला जमिनीचेच कागद उपयोगी पडले. खासरा पत्रक, पुढचे वारसाचे फेरफार, सातबारा. फेरफारात लिहिलेलं असतं अमुक मयत, त्याचे वारस अमुक. वंशावळीचं शपथपत्र आपण करतो, पण त्याला आधार या कागदांचा. शाळेचं रजिस्टर जात सांगतं आणि जमिनीचे कागद सांगतात की तो माणूस आपलाच. ज्यांची जमीन 1957 ते 1974 च्या दरम्यान बिगर आदिवासीकडं गेली आणि परत मिळवायची केस झाली, 1974 च्या कायद्याखाली, त्या केसच्या निकालातसुद्धा खातेदार आदिवासी असल्याचं आलेलं असतं. ते निकाल कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर झटकून काढा. उंदीर खाण्याआधी.

कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीची नक्कलही मागा. एक अडचण येते, जुन्या नोंदीत कुठं 'आंध' आहे, कुठं 'अंध', कुठं नुसतं 'हिंदू'. एका गावच्या रजिस्टरात एका ओळीत लागोपाठ सात पोरं 'अंध' लिहिली आहेत. कारकून म्हणतो, हे सगळे आंधळे होते का? मी म्हटलं, साहेब, लिहिणाराच असेल. पण खाडाखोड करू नका. कोणी सांगितलं, काना देऊन टाका, कोणाला कळतं, तरी करू नका. समितीचे दक्षता पथकवाले शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतात. एक खाडाखोड सापडली की खरा माणूससुद्धा खोटा ठरतो आणि त्याची सगळी भावकी अडकते.

घरी दक्षता पथक आलं की देव कोणते, लग्न कसं लावता, मेल्यावर काय करता असं विचारतात. आपली पोरं शहरात राहून विसरली आहेत, घाबरतात. घाबरायचं कारण नाही. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं आहे की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, 1950 च्या आधीच्या कागदांना सगळ्यात जास्त वजन आहे. म्हणून तर म्हणते, कागद शोधा. आणि बापाकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला रीतसर तपासणी होऊन वैधता मिळाली असेल तर दुसऱ्याला तिचा मोठा आधार होतो. तेव्हा भावकीत भांडणं असली तरी कागद लपवू नका. आमच्या एका गावात बांधाच्या भांडणापायी चुलत्यानं वैधतेची झेरॉक्स दिली नाही, पुतण्याची फार्मसीची जागा गेली. बांध हातभर होता.

मला वैधता मिळाली, सव्वा वर्ष लागलं. भावाचं शिक्षण झालं होतं, माझं सुटलं होतं. पण धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला तेव्हा माझी वैधता, तीच खासरा पत्रकाची नक्कल आणि मौलवी साहेबांनी वाचलेली ती ओळ, हे सगळं तिच्या फाईलला लागलं. तिची वैधता आली. आज ती शिकते आहे आणि तिच्यापायी एक गुंठा गहाण नाही.

वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालानंतर करू नका. अकरावीत असतानाच, कॉलेजचं पत्र घेऊन करा. सव्वा वर्ष लागतं हे आत्ता सांगितलं.

आता कॉलेज फी मागतं त्याचं. सगळे कागद असतील, राखीव जागेवर प्रवेश असेल, उत्पन्न मर्यादेत असेल, तर शिष्यवृत्तीत बसणारं शुल्क प्रवेशाच्या वेळी मुलाकडून घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी मागतात. यंदा आपल्याच एका पोरीला म्हणाले, आधी भर, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. परत कोण देतं? तिचा परीक्षेचा फॉर्म अडवला. आम्ही चौघी गेलो. भांडलो नाही. एवढंच म्हणालो, फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाही असं लेटरपॅडवर लिहून द्या, आम्ही किनवटला प्रकल्प अधिकाऱ्यांकडं घेऊन जातो. अर्धा तास आत बसले, बाहेर आले, म्हणाले, फॉर्म घ्या तिचा. लेखी द्या, या दोन शब्दांत पुष्कळ काम होतं. तोंडी बोललेल्याचा कोणी धनी नसतो.

कर्जाचं थोडक्यात सांगते, कारण मी स्वतः कर्जाला घाबरते. पण सावकारापेक्षा बँक बरी. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, बाप किंवा आई सहकर्जदार म्हणून सही करते, बस. परतफेड शिक्षण संपून वर एक वर्ष झाल्यावर सुरू होते. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत व्यावसायिक शिक्षण असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, 2009 पासून. आदिवासींसाठी वेगळी आदिवासी शिक्षा ऋण योजनाही आहे, सहा टक्के वर्षाला. वर्षाला, नीट ऐका. आमच्या गावचा सावकार शेकडा तीन महिन्याला घेतो म्हणजे वर्षाला छत्तीस. आपल्या राज्यात शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडं याची चौकशी करायची. बँकेचा माणूस टाळाटाळ करतो, सातबारा आणा म्हणतो. तिथंही तेच, लेखी द्या.

सातबारा कोणाच्याही हातात देऊ नका फीसाठी. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं, गहाण देणं, पट्ट्यानं देणं हे जिल्हाधिकाऱ्याच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय चालत नाही, महसूल संहितेचं कलम 36-अ. स्टॅम्पवरचा अंगठा कायद्यानं टिकत नाही, पण जमीन तोवर त्याच्या ताब्यात जाते आणि आपण पंधरा वर्षं तारखा करतो. वनपट्टा तर मुळीच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कोणी वनपट्ट्यावर उचल देतो म्हणाला तर समजा तो तुम्हाला फसवतो आहे. आणि सावकारीत जमीन अडकलेली असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. आमची दोन एकर त्याच रस्त्यानं मागतो आहोत. निकाल नाही अजून.

परवा बापानं विचारलं, बाई, तू एवढे दुसऱ्याचे फॉर्म भरतीस, तुझं काय? मी म्हटलं, वय गेलं. ते म्हणाले, वैधता तर तुझीच आधी आली की. मग मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची चौकशी करून आले. फी बघते, कागद तर सगळे आहेतच माझे.

शिबिराचं सांगून बसते. पुढच्या महिन्यापासून दर आमावस्येनंतरच्या पहिल्या रविवारी इथंच बसणार आहोत, सकाळी दहापासून. येताना पोराला सोबत आणा, पोराचा स्वतःचा चालू मोबाईल, आधार, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कमेमो, रेशनकार्ड, आणि घरातला जमिनीचा जो असेल तो कागद. फाटका असला तरी आणा. उर्दूतला असला तर तो आधी आणा. झेरॉक्सचे पैसे संघटना करणार नाही, एका पानाचे दोन रुपये ज्याचे त्यानं द्यायचे, फॉर्म भरण्याचा मात्र एक रुपयाही कोणाला द्यायचा नाही, संघटनेच्या पोरांनाही नाही. कोणी घेतला तर मला सांगा.

जोहार.